जगातलं निवडक, पाठपोट एका कागदावर

माझं कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या निपाणीत झेरॉक्सचं दुकान आहे. आधार कार्ड, जमिनीचे उतारे, शाळेचे दाखले, हा रोजचा धंदा. त्याच मशीनवर दर महिन्याला एक पत्रक निघतं. त्या महिन्यात जगाबद्दल आणि समाजाबद्दल जे वाचलं त्यातले पाच चांगले लेख, प्रत्येकाचा गोषवारा, आणि तो का वाचावा याची एक ओळ. ए-फोर कागद, पाठपोट, बस्स. संकेश्वर आणि खानापूरकडच्या वाचणाऱ्या मंडळींनी "आक्का, आम्हालाबी काढायचंय, कसं करता?" म्हणून विचारलं, तेव्हा एकदाच सगळं नीट लिहून काढते.

लेख गोळा करायच्या आधी कागद ठरवा. मोबाईलवर रोज इतकं येऊन पडतं की आधी गोळा करायला बसलात तर पत्रकाचं पुस्तक होईल आणि ते कुणी वाचणार नाही. चौदा पॉइंटच्या अक्षरात दोन्ही बाजूंना मिळून साधारण सहाशे शब्द मावतात. एक छोटा नकाशा आणि मथळे सोडले तर एका लेखाच्या वाट्याला शंभर शब्द येतात. अक्षर बारीक करून जास्त कोंबायचा मोह होतो, पण आमचे निम्मे वाचक साठीच्या पुढचे आहेत. जागा संपली की सहावा लेख कितीही चांगला असला तरी बाहेर. हा निर्णय कागदानं घेतलेला बरा, आपण घेतला तर कुणीतरी रुसतं.

गोळा करायला एक साधी वही पुरते. लेख कशावर आहे, कुणी लिहिला, कधी लिहिला. लेखकाचं नाव नाही किंवा तारीख नाही, तर वहीत नोंद नाही, मग तो कितीही जणांनी पाठवलेला असो. दुकानात माणसं पुढं ढकललेले मजकूर प्रिंट काढायला आणतात, त्यांना मी पैसे घेऊन प्रिंट देते, पत्रकात जागा देत नाही. युद्धाच्या वेळी तर फारच सांभाळायला लागतं. २०२२ साली युक्रेनच्या आणि २०२३ साली गाझाच्या वेळी एका व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून जगभर फिरली. आमच्याकडंही आली, आणि "बघा बघा, विमान पाडलं" म्हणून दुकानात गर्दी झाली. म्हणून युद्धावरचा लेख घ्यायचा तर किमान आठवडाभर जुना घ्यावा. तेवढ्यात खोट्यातलं बरंच गळून जातं.

पुढची पायरी पडताळणीची. अख्खा लेख तपासायला आपण काही विद्यापीठ नाही. लेखातली एकच ठळक गोष्ट उचला आणि ती दुसऱ्या दोन ठिकाणी शोधा. उसाचं उदाहरण देते, कारण इथं उसाच्या नावानं काहीही खपतं. "ब्राझीलनं भारताला जागतिक कोर्टात हरवलं, आता कारखाने बंद पडणार" असा मजकूर चिकोडीपासून अथणीपर्यंत फिरत होता. खरं काय, तर ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ साली जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत भारताच्या साखर अनुदानाविरुद्ध तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या पंचांनी भारताच्या विरोधात अहवाल दिला. जानेवारी २०२२ मध्ये भारतानं अपील केलं. आणि गंमत अशी की ते अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण अमेरिकेनं तिथल्या नेमणुका अडवून धरल्या. म्हणजे हरलो हे अर्ध खरं, आणि कारखाने बंद होणार हे पदरचं. असा लेख सापडला की मी तो हमखास घेते. ज्याच्या शेतात ऊस आहे तो माणूस जिनिव्हात काय अडकलंय हे शेवटपर्यंत वाचतो. एरवी "बहुपक्षीय संस्थांचे संकट" असा मथळा दिला असता तर कागद चिवड्याच्या पुडीला गेला असता.

आता निवडीचं. पाचांपैकी दोन लेख खिशाला किंवा पोटाला लागणारे असावेत. २०२२ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली, तेव्हा त्यावरचा लेख बायकांनी मागून नेला. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत असलेला माझा भाचा जगाचं काही वाचत नसे. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि युरोपच्या फेरीला दहा ते चौदा दिवस जास्त लागू लागले, तेव्हा पहिल्यांदा त्यानं नकाशा मागितला. अशा लेखांवर फार शब्द खर्चायचे नाहीत. वाचकाला त्यातला धागा आपोआप सापडतो.

तिसरी जागा मी पाण्याला किंवा जमिनीला ठेवते, आणि इथं जरा थांबते, कारण या भागात ते कळीचं आहे. म्हादई आपल्या खानापूर तालुक्यातून उगम पावते आणि गोव्यात जाते. लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी दिलं, तरी वाद कोर्टात चालूच आहे. त्यामुळे नाईल नदीवरचा लेख इथं कुणाला परका वाटत नाही. पण लेखात आकडे येतात अब्ज घनमीटरमध्ये, ते जसेच्या तसे छापले तर डोळे पुढं घसरतात. आपल्या माणसाला टीएमसी कळतं. एक अब्ज घनमीटर म्हणजे सुमारे ३५ टीएमसी, एवढं लक्षात ठेवलं की काम होतं. तसंच इंग्रजी लेखातलं एक मिलियन म्हणजे दहा लाख आणि एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, हे दुकानाच्या भिंतीवरच लिहून ठेवलंय. इथिओपियाच्या धरणाचा साठा ७४ अब्ज घनमीटर, म्हणजे सुमारे २६०० टीएमसी. आपल्या हिडकल धरणाची क्षमता ५१ टीएमसी. भागाकार करून तो एकच आकडा छापला. तो गोषवारा नमुना म्हणून पूर्ण देते:

"नाईलवरचं धरण आणि तीन देश. इथिओपियानं २०११ साली निळ्या नाईलवर बांधायला घेतलेलं धरण सप्टेंबर २०२५ मध्ये रीतसर सुरू झालं. हिडकलसारखी पन्नास धरणं मावतील एवढा त्याचा साठा. इजिप्तला पोचणाऱ्या नाईलच्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के इथिओपियातून येतं. तरी १९५९ साली इजिप्त आणि सुदाननं पाणी आपापसांत वाटून घेतलं, इथिओपियाला विचारलंच नाही. लेखक इथिओपियाच्या बाजूचा आहे, विजेचा मुद्दा जोरात मांडतो. इजिप्तच्या शेतकऱ्याचं म्हणणं एका परिच्छेदात उरकतो. वरच्याचा हक्क आणि खालच्याची भीती एकत्र कळण्यासाठी वाचा. आपल्याकडं लवाद आहे, कोर्ट एक आहे. तिकडं दोन्ही नाही."

यात चार गोष्टी आहेत बघा: लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, कुणाचं म्हणणं त्यात आलेलं नाही, आणि आपण का वाचायचं. पहिल्या दोन सगळेच लिहितात. तिसरी ओळ लिहायला खरी मेहनत पडते, आणि पत्रकाची लाज तीच राखते.

तिसऱ्या ओळीचं महत्त्व निपाणीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तंबाखूवरचे जागतिक लेख घ्या. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार २००३ साली मंजूर झाला, २००५ पासून लागू झाला, भारतानं २००४ सालीच त्याला मान्यता दिली. त्यावरचे लेख कॅन्सरबद्दल लिहितात आणि ते बरोबरच आहे, तंबाखूची वकिली मला करायची नाही. पण ज्या गावात १९८१ साली तंबाखूच्या दरासाठी शेतकरी हमरस्त्यावर बसले आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला, ज्या गावात वखारीत तंबाखूच्या धुळीत बायकांनी जन्म काढला, तिथं तो लेख वाचताना पहिला प्रश्न येतो: या बायकांनी मग काय करायचं? त्याच कराराचं कलम १७ म्हणतं की तंबाखू पिकवणाऱ्यांना आणि त्यात राबणाऱ्यांना दुसरा परवडणारा धंदा मिळावा म्हणून सरकारांनी मदत करावी. बहुतेक लेखांत हे कलम येतच नाही. मी गोषवाऱ्यात तेवढंच लिहिलं, "कलम १७ बद्दल लेखक गप्प". त्या महिन्याला जोड म्हणून मलावीवरचा लेख घेतला होता. आफ्रिकेतला तो देश परकीय चलनासाठी तंबाखूवरच उभा आहे, आणि मळ्यांवर मुलांना राबवतात म्हणून अमेरिकेनं २०१९ साली तिथल्या तंबाखूची आयात अडवली होती. मी वाचून दाखवताना विडी वळणारी एक मावशी ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे तिकडंबी आमच्यासारख्याच हाईत की ओ." मग तिनं तिथली मजुरी विचारली, आणि लेखात मजुरी नव्हती. पुढच्या महिन्यात मजुरी सांगणारा लेख शोधला. वाचकाच्या प्रश्नावरून पुढचा लेख शोधायचा, ही चांगली सवय लावून घ्या.

चौथी जागा कधीतरी सीमाभागाशी नातं सांगणाऱ्या विषयाची, आणि इथं माझा सल्ला जरा कडक आहे. अशी निवड वर्षातून एकदा, फार तर दोनदा. आपल्या माणसाला जगात कुठंही रेघ दिसली की बेळगाव दिसतं. काश्मीर असो, युक्रेन असो, आयर्लंड असो, कट्ट्यावर तिसऱ्या मिनिटाला १९५६ ची राज्य पुनर्रचना, सीमावादावरचा १९६७ चा महाजन अहवाल आणि २००४ साली महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा येतोच. यात चूक काही नाही, दुखतं तिथं हात जातो. पण मग आयर्लंड राहतो बाजूला.

तरी घ्यायचाच तर बेल्जियम घ्या. डच आणि फ्रेंच बोलणाऱ्यांमधली भाषेची रेघ तिथं १९६२-६३ साली कायद्यानं पक्की केली. रेघेवरच्या काही गावांना खास सवलत मिळाली, म्हणजे तिथल्या अल्पसंख्याकांना सरकारी कागद आपल्या भाषेत मिळतात. हे वाचताना इथला प्रत्येक जण मान वर करतो, कारण मराठीतून परिपत्रकं मिळावीत ही आपल्याकडची जुनी मागणी. पुढची गोष्ट आणखी भारी. फूरेन नावाचा चार-एक हजार वस्तीचा खेड्यांचा पुंजका एका प्रांतातून काढून दुसऱ्यात घातला. तिथल्या महापौरानं डच भाषेची परीक्षा द्यायला नकार दिला, आणि तो वाद वाढत वाढत १९८७ साली देशाचं सरकार घेऊन पडला. लूव्हेनचं जुनं विद्यापीठ १९६८ साली भाषेवरून फुटलं, आणि ग्रंथालयातली पुस्तकं सम आणि विषम क्रमांकांनुसार दोन विद्यापीठांत वाटली गेली.  वाचनालय चालवणाऱ्या कुणालाही हे वाचून पोटात गोळा येईल.

असा लेख दिला की खाली फरक लिहायलाच हवेत. तिथं रेघ संसदेनं ओढली आणि त्यासोबत सवलतीही लिहून दिल्या. राजधानी ब्रुसेल्स कायद्यानं दोन्ही भाषांची. आपला दावा अजून कोर्टात आहे. साम्य वाचक स्वतःच शोधतात, फरक मात्र आपण दाखवावे लागतात. आणि तारीख बघा. १ नोव्हेंबरच्या आसपास, म्हणजे इकडं कर्नाटकाचा राज्योत्सव आणि इकडंच मराठी माणसांचा काळा दिन असताना, हा लेख छापू नका. पत्रक वाचलं जाणार नाही, फडकवलं जाईल.

पाचवी जागा ज्याच्याशी आपला काडीचा संबंध नाही अशा लेखाला. ही जागा कुणीही मागितली तरी सोडू नका. दक्षिण कोरियात जननदर २०२३ साली ०.७२ वर आला, म्हणजे एका बाईमागे सरासरी एक मूलसुद्धा नाही. गावोगावच्या शाळा ओस पडल्या. २०१९ साली गांगजिन भागातल्या एका शाळेनं पहिलीच्या वर्गात मुलं मिळेनात म्हणून गावातल्या निरक्षर आज्ज्यांना प्रवेश दिला. दप्तर पाठीला लावून सत्तरीच्या बायका शाळेच्या बसमधून जायच्या. मी हा लेख निव्वळ गंमत म्हणून घेतला होता. अंगणवाडीच्या बाईंनी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "आक्का, आमच्या मराठी शाळेचा पट बघितलाय काय?" काडीचा संबंध नाही म्हणून निवडलेल्यातलं हे असं निघतं. खरंच संबंध नसेल तरी चालतं. कोरियाबद्दल कोरिया म्हणून कुतूहल असायला काय हरकत आहे?

आपल्याला न पटणारा लेखही अधूनमधून यायला हवा. मी तो वेगळ्या जागेत ठेवत नाही, पाचातल्याच कुठल्या तरी जागी घालते, आणि गोषवारा लेखकाला वाचायला दिला तर तो "होय, हेच म्हणालोय" म्हणेल असा लिहिते. टोमणा मारायचा असेल तर "का वाचावा" या ओळीत मारा, गोषवाऱ्यात नाही.

भाषेचं बघा. निपाणी, चिकोडीकडं तिशीच्या आतली पोरं कानडी भराभर वाचतात, मराठी अडखळत. माझी सून गोकाककडची. पाचातल्या एका लेखाचा गोषवारा ती कानडीत लिहिते, तोच मागच्या बाजूला येतो. पहिल्यांदा एक-दोघांनी नाक मुरडलं. पण शेजारच्या गल्लीतली कानडी घरंही पत्रक नेऊ लागली, आणि कट्ट्यावर त्यांच्याकडून येणारे प्रश्न वेगळे असतात, ते मला हवे असतात.

वाचून दाखवायचं असेल तर रविवारची दुपार बरी. नकाशा आधी, मत नंतर, एवढा एक नियम लावा. आमचे सुभेदार काका मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. पाकिस्तान किंवा चीन निघाला की पंधरा मिनिटं त्यांची. पण नकाशा हातात दिला की तेच सगळ्यात उपयोगी माणूस. १९१८ साली मोसुलच्या दक्षिणेला शर्कतला मराठा पलटण लढली, १९४४ साली यशवंत घाडगे यांना इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे ते बोट ठेवून दाखवतात. इराक आणि इटली मग एकदम ओळखीचे होतात. चीनचा लेख शेवटी ठेवा, नाहीतर बाकीचे चार राहूनच जातात.

एक धंद्यातली गोष्ट. अख्खा लेख झेरॉक्स करून वाटू नका, ते दुसऱ्याच्या मेहनतीवर हात मारणं आहे आणि कायद्यानंही अडचणीचं. गोषवारा आपल्या शब्दांत, खाली लेखकाचं नाव, कुठं छापून आला ते आणि तारीख. मूळ लेखाची एक प्रत दुकानात ठेवायची, ज्याला हवी त्यानं तिथं बसून वाचायची. पत्रकाचे दोन रुपये मी डब्यात टाकायला सांगते. फुकट दिलं तर लोक घेतात आणि घडी करून विसरतात.

ऊसतोड सुरू झाली की पत्रक एकाच बाजूचं करा आणि लेख तीन ठेवा. त्या दिवसांत घरात कुणाला वेळ नसतो, आणि उरलेली बाजू पोरं गणितं करायला वापरतात. कागद सकाळी वाटू नका. सकाळी दिलेला दुपारी जेवणाच्या डब्याखाली जातो. संध्याकाळी वखार सुटायच्या वेळी दाराशी उभं राहून द्या.